शाळेपासून समुद्र किती पावलांवर?

लेक चौथीत होती आणि तिचा दिवस वाहनांत जात होता. सकाळी शाळेची व्हॅन, दुपारी तीच व्हॅन, संध्याकाळी पोहायला न्यायला माझी स्कूटर. तलाव कोथरूडच्या आमच्या घरापासून जेमतेम दीड किलोमीटरवर, पण मधला चौक तिला एकटीने ओलांडू द्यायची माझी हिंमत होत नव्हती. नवऱ्याचं काम संगणकावरचं, माझं भाषांतराचं. पुण्यातच राहिलं पाहिजे अशी सक्ती दोघांनाही उरली नव्हती. पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा झाली की निघायचं, आणि सहावी ते दहावी ही पाच वर्षं कोकणात, समुद्राकाठच्या गावात काढायची, एवढं एका रविवारी ठरलं. गाव कोणतं, हे ठरवायला दोन प्रवास लागले. एक डिसेंबरातला, दुसरा त्यानंतरच्या जुलैतला.

डिसेंबरात आम्ही गाडी घेऊन अलिबागपासून सुरुवात केली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला उतरत गेलो. माझ्याकडे एक तक्ता होता: शाळा, दवाखाना, इंटरनेट, भाडं, मैदान, समुद्र. प्रत्येक गावाला गुण द्यायचे होते. दापोलीपर्यंत तक्ता भरला आणि पुढे मी तो बाजूला ठेवला, कारण खरा प्रश्न एकच उरला. या गावात दहा-अकरा वर्षांचं मूल घरातून एकटं निघून कुठवर जाऊ शकतं?

अलिबागने पहिल्याच दिवशी भुरळ घातली. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं. गाडीवाल्या काकांना लेकीने विचारलं, "परत यायला पाणी वाढलं तर?" ते म्हणाले, "आज अष्टमी ना बाळा? आठाची पाऊणपट किती?" तिने बोटं मोजून सहा सांगितले. "म्हणजे सहाला भरती. आणि सहा तासांनी, बाराला, ओहोटी. तिथी माहीत असली की घड्याळ नको." तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीचा साधारण तास मिळतो. हे गणित कोकण किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी समुद्र किल्ल्याला वेढून असतो, अष्टमीला त्याच वेळी वाट मोकळी. लेकीने ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं. चौथीच्या अपूर्णांकांचा इतका चांगला उपयोग मी तोवर पाहिला नव्हता.

मुलांनी पाहण्यासारखं अलिबागमध्ये पुष्कळ आहे. कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच. मुंबईत विजेच्या ट्राम आल्या तर मोजमापांत गोंधळ होईल, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये इथे हलवली गेली. जवळच्या किहीमला सालिम अलींनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. शाळाही बऱ्या, कारण हे जिल्ह्याचं ठिकाण. पण आम्ही गुरुवारी पोहोचलो होतो आणि शुक्रवारी दुपारपासून गाव बदलत गेलेलं पाहिलं. मांडव्याच्या बोटींतून आणि वडखळच्या रस्त्याने मुंबई ओतली जाते. घरांची भाडी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या हिशेबाने ठरतात. नागाव-आक्षीच्या अरुंद रस्त्यांवर त्या दोन दिवसांत मूल सायकल घेऊन बाहेर काढावं अशी स्थिती नाही, आणि शाळेच्या मुलाला मोकळे असतात ते नेमके हेच दोन दिवस. ज्यांना आठवड्यातून दोनदा मुंबई गाठायची आहे त्यांनी अलिबागच घ्यावं, दुसरीकडे पाहू नये. आम्हाला ती गरज नव्हती.

दापोली हे माझं लहानपणापासूनचं मनातलं गाव. पालगडच्या साने गुरुजींनी इथे शिक्षण घेतलं, महर्षी कर्व्यांचं मुरूड इथून खाली दहा-बारा किलोमीटरवर, पां. वा. काणेही इथल्याच शाळेत शिकले. १८१८ नंतर इंग्रजांनी इथे लष्करी छावणी वसवली, आणि त्या 'कॅम्प'मुळे गावाला मोठी मैदानं, रुंद रस्ते आणि झाडांच्या रांगा मिळाल्या. १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ आलं, त्यामुळे शिकलेल्या, बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबांची वस्ती आहे आणि नव्या मुलाला वर्गात कोणी परका मानत नाही. हवा उंचावरची, किनाऱ्यापेक्षा थंड. शाळेतून सुटलेली मुलं सायकलींवरून रमतगमत घरी जाताना पाहून मी जवळजवळ निर्णय केलाच होता.

मग संध्याकाळी आम्ही हर्णैला मासळीचा लिलाव पाहायला उतरलो. सुवर्णदुर्गामागे सूर्य, वाळूवर टोपल्या, बैलगाड्या, होड्यांतून उतरणारी सुरमई आणि कोळणींचे चढे आवाज. लेक तिथून हलेना. परतीच्या चढावर, अंधारात वळणं घेताना, नवरा म्हणाला, "ही रोज इथे कशी येणार?" दापोली हे समुद्राजवळचं गाव आहे, समुद्राचं नव्हे. किनारा गाठायला पालकांची गाडी लागते किंवा एसटीची वाट पाहावी लागते. डोंगर, झाडी, सायकल एवढं ज्यांना पुरे आहे आणि समुद्र रविवारपुरता चालतो, त्यांच्यासाठी कोकणात याहून चांगलं शाळेचं गाव नाही, असं मी आजही सांगते. तिथे एका बागायतदाराने ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आडव्या झालेल्या त्याच्या आंब्या-पोफळीच्या वाडीची जागा दाखवली. नवी रोपं गुडघ्यापर्यंत आली होती. वीज यायला किती आठवडे लागले ते तो सांगत होता, आणि घरून काम करणारे आम्ही दोघं गप्प झालो होतो.

दापोलीहून दाभोळला आलं की वाशिष्ठीची खाडी आडवी येते. गाडी फेरीबोटीत चढवायची, पलीकडे धोपाव्याला उतरायचं, गुहागर, हेदवी करत तवसाळला पुन्हा बोट, आणि जयगडला उतरून गणपतीपुळ्यावरून आरे-वाऱ्याच्या चढणीने रत्नागिरी. कोकण पाहायचं तर महामार्गाने नव्हे, या वाटेने. गुहागरला थांबलो ते दोन तास. वरचा पाट, खालचा पाट, मधून एकच लांब रस्ता, रस्त्याच्या कडेने घरं, घरांमागे माडा-पोफळीच्या वाड्या आणि वाडीच्या मागच्या फाटकातून थेट समुद्र. माझ्या एकुलत्या एका कसोटीवर गुहागर पहिलं येतं. पण वरच्या इयत्तांसाठी निवड थोडी, रेल्वे लांब चिपळूणला, मोठा दवाखानाही तिकडेच. आणि पाणी दिसतं तितकं सोपं नाही. उघड्या समुद्राच्या अशा किनाऱ्यांवर लाट परतताना जी ओढ लागते, तिने पोहणाऱ्यांचेही बळी घेतले आहेत. गणपतीपुळ्याला तर ती फार जोरकस असते. अशा ओढीत सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचं. समुद्राकाठी राहायला जाणाऱ्या प्रत्येक घराने मुलांना हे पाढ्यांच्या आधी शिकवावं.

रत्नागिरीत तीन दिवस राहिलो. इथे काहीच कमी नाही. पटवर्धन हायस्कूल, फाटक हायस्कूल ही जुनी नावं, पुढे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय, शिरगावला मत्स्य महाविद्यालय, जिल्हा रुग्णालय, रेल्वे. दहावी-बारावीसाठी कोकण विभागीय मंडळाचं कार्यालयही इथेच. २०१२ मध्ये हे मंडळ वेगळं झालं तेव्हापासून निकालात ते राज्यात सतत पुढे राहिलं आहे. झाडगावच्या संशोधन केंद्रातल्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे. त्याखाली उभी राहून लेक बराच वेळ वर पाहत होती. थिबा पॅलेसच्या टेकडीवरून भाट्याची खाडी आणि पलीकडचा किनारा दिसतो. ब्रह्मदेशाच्या राजाने आयुष्याची अखेरची वर्षं जिथून हे पाणी पाहत काढली, तिथे उभं राहिलं की मन जड होतं.

पण मला रत्नागिरीने जिंकलं ते सड्याने. जांभ्या दगडाचे उघडे, सपाट कातळ गावाबाहेर पडलं की सुरू होतात. उक्षीला अशाच कातळावर हत्ती कोरलेला आहे, इतका मोठा की जवळ उभं राहिल्यावर तो हत्ती आहे हे कळत नाही. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांत अशी शेकडो चित्रं आहेत, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेली, आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली. इतिहासाच्या तासाला 'अश्मयुग' शिकणारं मूल रविवारी सायकलवरून जाऊन त्या चित्राच्या कडेवरून बोट फिरवू शकतं, ही साधी गोष्ट नव्हे.

अडचण वेगळी होती. मांडवीच्या काळ्या वाळूवर संध्याकाळी साडेपाचला आम्ही बसलो होतो. पाहुणे होते, आजोबा मंडळी होती, भेळवाले होते. शाळकरी मुलं फारशी नव्हती. आमच्या घरमालकीण वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "अहो, पोरं क्लासला. पाचला शाळा सुटते, साडेपाचला क्लास, आठला घरी. समुद्र मेला कुठे जातोय, म्हणतात." डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. शाळा आणि अंधार यांच्यामध्ये जो एक तास मुलाच्या हाती असतो, तो जिथे क्लासला जातो, तिथे समुद्र दहा मिनिटांवर असून उपयोग काय? यात गावाचा दोष नाही. वर्गातली सगळी मुलं जिथे जातात तिथे आपलंही जाणार. आठवी-नववीतल्या, विज्ञानाकडे निघालेल्या मुलाचं घर मला हलवायचं असतं, तर मी रत्नागिरीच घेतली असती. सहावीतलं मूल तिथे मी नेलं नाही.

मालवणला पोहोचलो ते दुपारी, आणि पहिला विचार आला तो हाच की गाव किती लहान आहे. बाजारपेठ, बंदर, शाळा, चिवल्याचा किनारा, दांडीचा किनारा, सगळं पायाखालचं. चिवला ही गावातलीच वेळ, म्हणजे वाळूचा किनारा; दर डिसेंबरात इथे समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात आणि राज्यभरातून मुलं येतात. आम्ही गेलो तेव्हा किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणं चाललं होतं. दोन दोरांना वीस-पंचवीस माणसं, मागे पळणारी पोरं. लेक न विचारता दोराला जाऊन लागली, कोणी काही म्हणालं नाही, आणि शेवटी एका रापणकराने तिच्या ओंजळीत चार बांगडे ठेवले. ओढायला हात लावला त्याला म्हावरं मिळतं, असा तिथला रिवाज.

इथला समुद्र अलिबागपेक्षा वेगळा वागतो. तिकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं, इथे त्याच्या निम्मं. भरतीही आधी येते, कारण ती किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. काकांचं पाऊणपटीचं गणित इथे चुकतंय हे लेकीनेच दोन दिवसांत शोधून काढलं. १६६४ मध्ये महाराजांनी ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची बांधणी सुरू केली, त्याच्या भोवतालच्या खडकांत प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये इथलं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य झालं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची पाणबुड्यांना शिकवणारी संस्था आहे. पाण्याखाली जाण्याचं शिक्षण आणि रोजगार दोन्ही एका तालुक्यात असणं, हे माझ्या माहितीत आपल्या किनाऱ्यावर दुसरीकडे नाही.

शाळा मोजक्या, पण आहेत. टोपीवाला हायस्कूल, भंडारी हायस्कूल ही पिढ्यांनी पाहिलेली नावं, आणि बारावीपुढे स. का. पाटील महाविद्यालय. पुस्तकं बालभारतीचीच, त्यामुळे पुण्यातल्या सेमी-इंग्रजीतून इथल्या सेमी-इंग्रजीत येताना मुलीला काही जड जाणार नव्हतं. केंद्रीय मंडळच हवं असेल तर जिल्ह्याची ठिकाणं पाहावीत. एका जुन्या शाळेत मी शिक्षकांना तीनच प्रश्न विचारले: गणित-विज्ञानाची पदं भरलेली आहेत का, मैदान शाळेचं स्वतःचं आहे का, आणि शाळा सुटल्यावर मुलं कुठे जातात. तिसऱ्या प्रश्नावर सर हसले आणि खिडकीबाहेर समुद्राकडे बोट केलं. शाळा पाहायला जाणाऱ्यांनी इमारत पाहण्याआधी हे तीन प्रश्न विचारावेत.

तिथेच घर शोधायला लागलो, तेव्हा बाजारातल्या एका किराणा दुकानदाराने अडवलं. "वयनी, तुमी डिसेंबरात इलात. जुलैत येवा, मगे घर बघा." त्यांचं ऐकलं.

त्याआधी वेंगुर्ल्याला जाऊन आलो. डच वखारीचे अवशेष, फळसंशोधन केंद्र, कचऱ्याचा डोंगर होऊ न देणारी नगरपरिषद, मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून दाखवतात ती कांदळवनं. इतकं नीटनेटकं, शांत किनारी गाव मी पाहिलं नाही, आणि गोव्यातला मोपाचा विमानतळ जवळ. आमच्या तिघांत वेंगुर्ल्यासाठी मी होते, मालवणसाठी नवरा आणि लेक.

जुलैत फक्त रत्नागिरी आणि मालवण केलं, या वेळी रेल्वेने, मालवणसाठी कुडाळला उतरून. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्याच्या चौपटीहून जास्त, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. हा आकडा वाचणं वेगळं आणि त्यात आठ दिवस राहणं वेगळं. कपडे वाळत नाहीत. भिंतींना ओल येते. वीज तासन्‌तास जाते; ज्यांचं पोट इंटरनेटवर आहे त्यांनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या आणि चांगला इन्व्हर्टर हा भाड्याचाच भाग धरावा. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत किल्ल्याची बोट आणि पाण्यातले खेळ बंद. म्हणजे शाळेच्या पहिल्या सत्राचा मोठा भाग समुद्र फक्त ऐकायचा असतो. समुद्रासाठी गाव बदलणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

पण मुलं घरात नव्हती. पहिल्या पावसात ओढ्यांतून उलटे चढणारे मासे धरण्याचा हंगाम नुकताच संपला होता आणि त्याच्याच गोष्टी चालू होत्या. लावणी चालली होती. सड्यावर हिरवळ धरली होती. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथेच सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. शाळेतल्या मुली इरली नाही तरी प्लास्टिकचे कोट घालून चिखलातून फुटबॉल खेळत होत्या. लेक त्यांच्यात गेली आणि संध्याकाळी आली ती ओळखू येईना. लेप्टोच्या तापाची भीती खरी आहे. पायाला जखम असताना शेताच्या पाण्यात उतरायचं नाही आणि ताप आला तर अंगावर काढायचा नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं. ग्रामीण रुग्णालय गावात, जिल्हा रुग्णालय ओरोसला, आणि फारच गंभीर असेल तर माणसं गोव्यात बांबोळी गाठतात. हे अंतर आम्ही डोळे उघडे ठेवून स्वीकारलं. ज्यांच्या घरात हृदयाचे रुग्ण किंवा फार थकलेले आईवडील आहेत, त्यांनी स्वीकारू नये.

घर मिळायला त्रास झाला. तारकर्ली-देवबागला प्रत्येक रिकामी खोली 'न्याहारी व निवास' झालेली, आणि वर्षभराला द्यायला तयार झालेल्या एका मालकाने नंतर अट घातली की मे महिन्यात घर रिकामं करायचं. अकरा महिन्यांच्या करारात मे महिना स्पष्ट लिहून घ्या. शेतजमीन घेऊन घर बांधण्याचा बेत असेल तर आधी लक्षात घ्या की महाराष्ट्रात ती शेतकऱ्यालाच घेता येते. एक पूर्ण वर्ष भाड्याने राहावं, मग पुढचं बोलावं. आम्ही शेवटी किनारा सोडून गावात, धुरीवाड्यात घर भाड्याने घेतलं. खिडकीतून समुद्र दिसत नाही, माड दिसतात. विहिरीला मेमध्येही पाणी असतं हे शेजारच्या आजींकडून पक्कं करून घेतलं होतं.

गेल्या जूनमध्ये पुण्याच्या शाळेचा दाखला इथे दिला आणि लेक सहावीत बसली. दहावीनंतर तिला विज्ञान घ्यायचं असेल तर बहुधा रत्नागिरीला जावं लागेल. ते तेव्हा पाहू. तिला आता हाका 'गो बाय' अशा येतात आणि ती उत्तरं मालवणीत देते. क्लास नाही. शाळा पाचला सुटते, चिवल्याची वेळ तिथून चालत पंधरा मिनिटं. मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, एवढा एक नियम आहे. बाकी वाट तिची. काल एकादशी होती. सात वाजता ती घरी आली तेव्हा हातात चप्पल होती आणि पिशवीत तारल्या.